फुगलेले पाकीट आणि चेपलेली बाटली

कुस्कोच्या हॉटेलात सामान उघडले तेव्हा पहिला धक्का भडंगाने दिला. सांगलीहून आणलेली भडंगाची पाकिटे पिशवीतून बाहेर काढली, तर प्रत्येक पाकीट फुग्यासारखे टम्म फुगलेले! एकाची शिवण तर सुटलीच होती आणि शेंगदाणे कपड्यांत विखुरले होते. आमच्यातल्या एक शिक्षिका हसून म्हणाल्या, "भडंगालासुद्धा इथली हवा मानवलेली दिसते."

त्या वेळी आम्ही सगळेच हसलो. त्या पाकिटाने आम्हाला जे सांगितले होते ते नीट ऐकून घेतले असते, तर त्या रात्रीची धावपळ टळली असती.

२०२५ सालच्या मे महिन्यात आम्ही सोळा जण पेरू देशाच्या सहलीला गेलो होतो. चौघे संशोधक, बाकी सारे शाळा-महाविद्यालयांत शिकवणारे, आणि दोन निवृत्त मुख्याध्यापिका. निघण्यापूर्वी एका शाळेतल्या मुलाने विचारले होते, "सर, पेरू देशात पेरू मिळतात का?" मिळतात, पण तिथे त्यांना 'गुआयाबा' म्हणतात. फळाचे आपले नाव पोर्तुगीज भाषेतल्या 'पेरा' म्हणजे नासपती या शब्दावरून आले असे मानले जाते. देशाच्या नावाशी त्याचा संबंध नाही. पण ते झाड मूळचे अमेरिका खंडातलेच. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि त्या भडंगातला शेंगदाणा, ही सगळी मंडळीही तिकडचीच. म्हणजे ते शेंगदाणे आपल्या आजोळीच आले होते म्हणायचे!

असो. आपण पाकिटाकडे परत येऊ.

हवा विरळ होते म्हणजे काय होते?

पाकीट सीलबंद केले सांगलीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर. उघडले कुस्कोत, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. आतली हवा तेवढीच होती, पण बाहेरून तिला दाबून धरणारी हवा कमी झाली. म्हणून आतली हवा पसरली.

गाद्या-गोधड्यांची रास डोळ्यांसमोर आणा. सर्वांत खालची गोधडी वरच्या साऱ्यांच्या ओझ्याने दबलेली असते, वरची मात्र फुललेली असते. वातावरणाचे तसेच आहे. समुद्रकाठी आपण राशीच्या तळाशी असतो. तिथे हवेचा दाब सुमारे १,०१३ हेक्टोपास्कल असतो. कुस्कोला तो ६७० ते ६८० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश उरतो. याचा अर्थ असा, की कुस्कोत उभे राहिले असता वातावरणाच्या वजनाचा एक तृतीयांश हिस्सा आपल्या पायांखाली राहिलेला असतो.

इथे एक चूक वारंवार होते, पाठ्यपुस्तक शिकवतानाही होते. 'उंचावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते' असे आपण म्हणून जातो. प्रमाण कमी नसते. मुंबईत हवेचा २१ टक्के भाग ऑक्सिजन असतो, कुस्कोत २१ टक्के असतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढाच असतो. कमी होतो तो एकूण दाब, आणि त्याबरोबर ऑक्सिजनच्या वाट्याला येणारा दाब. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलला जातो तो या वाट्याच्या जोरावर.

त्यातही आणखी एक मेख आहे. श्वासाबरोबर आत गेलेली हवा नाका-घशातच ओली होते. शरीराच्या ३७ अंश तापमानाला त्या वाफेचा दाब सुमारे ६३ हेक्टोपास्कल असतो. आपण समुद्रकाठी असू की डोंगरावर, वाफ आपला हिस्सा पुरेपूर घेते. म्हणजे हिशोब असा:

समुद्रकाठी: (१,०१३ − ६३) × ०.२१ = सुमारे २०० हेक्टोपास्कल.
कुस्कोत: (६७५ − ६३) × ०.२१ = सुमारे १२९ हेक्टोपास्कल.

हवेचा दाब दोन तृतीयांश झाला, तर ऑक्सिजनचा वाटा त्याहूनही थोडा अधिक घटला. उंची जसजशी वाढते तसतशी ही मेख अधिक जाणवते.

हे सारे आम्हां चौघा संशोधकांना तोंडपाठ होते. तरीही आमचे वेळापत्रक काय होते? पहाटे लिमाहून, म्हणजे समुद्रकाठाहून विमानात बसायचे, तासा-सव्वा तासात कुस्कोला उतरायचे आणि दुपारी लगेच साक्सायवामानचे प्रचंड दगडी कोट पाहायला कुस्कोहूनही वर चढून जायचे. सहल ठरवणाऱ्यांनी तसे आखले होते आणि आम्ही त्यावर 'ठीक आहे' म्हटले होते. सूत्र ठाऊक होते, वेळापत्रकाला मात्र ते लावून पाहिले नव्हते.

त्या रात्री

साक्सायवामानचे दगड पाहून कोणीही थक्क व्हावे. त्यातल्या सर्वांत मोठ्यांचे वजन १०० टनांहून अधिक आहे. आम्ही तिथे तास दीड तास हिंडलो. धाप सगळ्यांनाच लागत होती. दोघी मुख्याध्यापिकांपैकी थोरल्या बाई एका दगडाला टेकून बसून होत्या. "पाहतेय गं इथूनच, छान दिसतंय," एवढेच म्हणाल्या.

रात्री त्यांच्या खोलीतल्या तरुण शिक्षिकेने आमचे दार वाजवले. बाई जेवल्या नव्हत्या, दोनदा उलटी झाली होती, डोके फुटेल असे दुखत होते. सकाळपासून त्यांनी दोन वेदनाशामक गोळ्या गुपचूप घेतल्या होत्या. आम्ही विचारले, "बाई, आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, म्हणून."

करोनाच्या काळात, २०२० साली, घरोघर आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोणाच्या तरी पिशवीत होते. आम्हां सगळ्यांचे आकडे ८६ ते ९० च्या दरम्यान येत होते. कुस्कोला नव्याने आलेल्यांत ते नवलाचे नाही. बाईंचा आकडा ७६ होता.

हॉटेलवाल्यांनी डॉक्टर बोलावले. त्यांनी पहिल्यांदा जमिनीवरच्या फरशीची एक रेघ दाखवून त्या रेघेवर टाच-पंजा जुळवून चालायला सांगितले. तोल गेला तर मेंदूला सूज येऊ लागली असे समजायचे, आणि मग एक मिनिटही दवडायचे नाही. त्यांनी छातीही तपासली, कारण उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरू शकते. तेही तितकेच घातक. बाई रेघेवरून नीट चालल्या, छातीही स्वच्छ होती. तरीही डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन लावा आणि आज रात्रीच खाली घेऊन जा.

खाली म्हणजे उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात, सुमारे २,८७० मीटरवर. पाचशे मीटर उतरणे एवढेच औषध. पण नकाशा पाहिला तेव्हा आमच्या लक्षात आले, की कुस्को हे डोंगरांच्या वाटीत बसलेले गाव आहे. खोऱ्यात उतरायचे तर आधी चिंचेरोच्या पठारावर, सुमारे ३,७६० मीटरपर्यंत चढावे लागते. खाली जाण्यासाठी आधी वर! म्हणून ऑक्सिजनचे नळकांडे गाडीत घेऊन निघालो. तरुण शिक्षिका बाईंचा हात धरून बसली होती. चढ संपेपर्यंत कोणी बोलले नाही. मध्यरात्र उलटल्यावर उरुबाम्बाला पोचलो. पहाटे बाईंनी चहा मागितला, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

शरीराला वेळ का लागतो?

या आजाराला तिथे 'सोरोचे' म्हणतात. स्पॅनिश धर्मोपदेशक होसे दे आकोस्ता याने १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. पारियाकाका नावाची अँडीजमधली खिंड ओलांडताना त्याला भयंकर मळमळ आणि उलट्या झाल्या. तिथली हवा इतकी सूक्ष्म आणि विरळ आहे की ती माणसाच्या श्वासाला पुरत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. तोरिचेल्लीचा पाऱ्याचा प्रयोग अजून अर्धे शतक दूर होता, आणि डोंगरावर चढल्यावर पारा उतरतो हे पास्कालच्या सांगण्यावरून १६४८ साली तपासले गेले. आकोस्ताजवळ उपकरण नव्हते. त्याचे स्वतःचे शरीर हेच उपकरण होते.

उंचावर गेल्यावर शरीर पहिला उपाय करते तो जोराने श्वास घेण्याचा. पण भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर पडतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते. मेंदूतील श्वसनकेंद्राला त्यावरून वाटते की श्वास पुरेसा झाला, आणि ते लगाम खेचते. झोपेत तर श्वास मध्येच काही क्षण थांबतोही. म्हणून हा त्रास रात्री बळावतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडे करतात. जास्तीचे बायकार्बोनेट ती लघवीवाटे काढून टाकतात. या कामाला काही दिवस लागतात. डॉक्टर देतात ते अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचे औषध हेच काम लवकर घडवून आणते. रक्तातील तांबड्या पेशी वाढवणे हा शरीराचा पुढचा उपाय, पण त्याला आठवडे लागतात.

हॉटेलात पाहुण्यांना कोकाच्या पानांचा चहा देतात. ती तिथली फार जुनी रीत आहे आणि चहा बराही लागतो. पण आजार अंगावर असताना वर चढत राहण्याची सूट तो देत नाही.

मग तिथले लोक कसे राहतात? अँडीजच्या उंच भागात माणसाची वस्ती दहा हजारांहून अधिक वर्षांची आहे. तिथल्या लोकांच्या छातीचा पिंजरा मोठा आणि रक्तात हिमोग्लोबिन जास्त असते. पण हाच एक मार्ग आहे असे नाही. तिबेटी लोकांत हिमोग्लोबिन सखल भागातल्या माणसांइतकेच असते. ते श्वास अधिक घेतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांतून रक्त अधिक वाहते. एकच प्रश्न निसर्गाने दोन ठिकाणी दोन रीतींनी सोडवला आहे. अँडीजच्या रीतीला किंमतही मोजावी लागते. काहींचे रक्त पुढे इतके दाट होते की तोच आजार बनतो. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर त्याचा अभ्यास केला आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लामा या प्राण्याची रीत आणखी निराळी आहे: त्याचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट पकडते, त्यामुळे विरळ हवेतही ते चांगले भरते.

उकळते, पण शिजत नाही

उरुबाम्बाला आम्ही दोन दिवस थांबलो. बाईंना बरे वाटू लागले आणि त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. पहिलाच प्रश्न आला, "इथला चहा उकळता असूनही कोमट का लागतो हो?"

द्रवातून वाफेचे बुडबुडे वर येण्यासाठी वाफेचा दाब बाहेरच्या हवेइतका व्हावा लागतो. बाहेरचा दाब कमी असला की पाणी कमी तापमानालाच उकळते. कुस्कोत सुमारे ८९ अंश सेल्सिअसला, तर ४,३०० मीटरवरच्या खिंडीत ८६ अंशांच्या आसपास. आच कितीही वाढवा, उघड्या भांड्यातले पाणी त्याहून गरम होत नाही; फक्त लवकर आटते. म्हणून डाळी-कडधान्ये शिजता शिजत नाहीत आणि प्रेशर कुकरशिवाय भागत नाही.

कुकर नव्हते तेव्हा? अँडीजच्या शेतकऱ्याने थंडीलाच कामाला लावले. उंचावर हवा विरळ आणि कोरडी असते. दिवसा ऊन कडक लागते, पण सूर्य मावळताच जमिनीतली उष्णता आकाशात निघून जाते आणि तापमान शून्याखाली घसरते. हिवाळ्यात बटाटे मोकळ्या माळावर पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात. बर्फाचे स्फटिक बटाट्याच्या पेशी फोडतात. दिवसा बटाटे विरघळून नरम पडले की माणसे ते पायांनी तुडवतात, पाणी पिळून निघते. असे काही दिवस केले की उरतो हलका, टणक, खडूसारखा सुका बटाटा. त्याला 'चुन्यो' म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. उंचावर वाढणाऱ्या काही बटाट्यांच्या जाती कडू आणि विषारी असतात. त्यांचे चुन्यो करताना ते वाहत्या पाण्यात ठेवतात, म्हणजे विषही धुऊन जाते.

उरुबाम्बाच्या बाजारात बाईंनी चुन्यो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या सांडग्यांचं भावंडं. आपण उन्हावर वाळवतो, हे दहिवरावर." इतके नेमके आम्हाला सुचले नसते. इंका राजवटीची डोंगरउतारांवरची कोठारे अशा टिकाऊ अन्नाने भरलेली असत. ओयान्तायताम्बोच्या कड्यावर ती अजून दिसतात. चाक न वापरता बांधलेल्या सुमारे ३०,००० किलोमीटरच्या रस्त्यांवरून सैन्य चाले ते या कोठारांच्या भरवशावर.

डोंगर आले कोठून?

एवढी उंची मुळात आली कोठून, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. पॅसिफिक महासागराच्या तळाचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली दरवर्षी सुमारे सात सेंटिमीटर या वेगाने शिरत आहे. आपली नखे वाढतात त्याच्या दुप्पट वेगाने म्हणा ना. या रेट्याने खंडाची कड आवळली गेली, उचलली गेली, ज्वालामुखी उसळले आणि सुमारे ७,००० किलोमीटर लांबीची अँडीजची रांग उभी राहिली. अकोंकाग्वा हे तिचे सर्वांत उंच शिखर ६,९६१ मीटर आहे.

ज्या हालचालीने उंची दिली तिनेच भूकंपही दिले. २१ मे १९५० रोजी कुस्कोत मोठा भूकंप झाला. तिथे इंकांच्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या पायावर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ बांधला होता. मठाचा बराच भाग कोसळला. त्याखालच्या आणि आतल्या इंका भिंती मात्र जागच्या जागी उभ्या होत्या. इतकेच नव्हे, पडझडीमुळे त्या लोकांना नव्याने पाहायला मिळाल्या.

या भिंतींत चुना नाही. कोकणातल्या गडग्यासारखी ती कोरडी बांधणी आहे. फरक असा, की गडग्यात दगड जसा मिळेल तसा बसवतात आणि इथे प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या अंगाबरहुकूम घडवलेला आहे. लोखंडाची हत्यारे नसताना हे कसे केले? जाँ-पिएर प्रोत्झेन या वास्तुतज्ज्ञाने १९८० च्या दशकात स्वतः हातात कठीण गोटे घेऊन दगड ठोकून पाहिले आणि सिद्ध केले की चिकाटी असेल तर एवढ्यावर काम भागते. भिंती आतल्या बाजूला किंचित कललेल्या आहेत, दारे-खिडक्या खाली रुंद आणि वर अरुंद. जमीन हादरली की दगड एकमेकांवर थोडे सरकतात, घासतात, हादऱ्याची ऊर्जा खातात आणि पुन्हा बसतात. चुन्याने जखडलेल्या भिंतीला असे हलता येत नाही, म्हणून ती तडकते.

डोळ्यांना न दिसणारे माचू पिचू

चौथ्या दिवशी माचू पिचूला गेलो, बाईंसह. पुष्कळांना वाटते की माचू पिचू फार उंचावर असेल. प्रत्यक्षात ते सुमारे २,४३० मीटरवर, कुस्कोपेक्षा हजारभर मीटर खाली आहे. आधी इथे येऊन मग कुस्कोला जायचे, हाच खरा शहाणा क्रम!

येल विद्यापीठाचे हायरम बिंगहॅम १९११ साली इथे पोचले तेव्हा काही शेतकरी कुटुंबे तिथल्या जुन्या पायऱ्यांवर शेती करीत होती. म्हणजे 'शोध' जगाला लागला. स्थानिकांना ते ठाऊकच होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कार्बन कालमापनावरून इथली वस्ती साधारण १४२० पासून असावी असे दिसते.

इथे वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा थोडाच कमी. दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, मधे अरुंद धार. अशा जागी गाव वसवले तर दोन-चार पावसाळ्यांत ते घसरून नदीत जायला हवे. ते गेले नाही याचे उत्तर जमिनीखाली आहे. अमेरिकी जलतज्ज्ञ केनेथ राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे इथले सुमारे ६० टक्के बांधकाम जमिनीखाली आहे. पायऱ्यांच्या शेतीत वर माती, तिच्याखाली वाळू-खडी आणि तळाशी मोठे दगड असे थर आहेत. पाणी साचत नाही, हळूहळू झिरपत खाली जाते आणि भिंतीवर भार येत नाही. पिण्याचे पाणी एका झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने आणून १६ कारंज्यांतून एकाखाली एक असे खेळवले आहे. आपल्याकडे डोंगरउताराला मजगी घालणाऱ्या शेतकऱ्याला हे थर दाखवावेत, त्याला लगेच उमगतील.

खिंडीतली बाटली

यापुढचा टप्पा कुस्कोहून तितिकाका सरोवराकडे जाण्याचा होता. वाटेत ला राया ही खिंड, सुमारे ४,३४० मीटर; सरोवराकाठचा मुक्काम ३,८०० मीटरवर. बाईंना आता काहीच त्रास नव्हता. तरी त्यांनी आपण होऊन सांगितले, "मी लिमाला परत जाते. तुम्ही सगळे जाऊन या." तरुण शिक्षिकाही त्यांच्याबरोबर थांबली. आम्हाला फार वाईट वाटले. पण या वेळी त्यांनी काही लपवले नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही.

जाताना त्यांनी एक काम सोपवले. प्लॅस्टिकची रिकामी एक लिटरची बाटली हातात दिली आणि म्हणाल्या, "खिंडीतली हवा आणा माझ्यासाठी. झाकण गच्च लावा. आणि तिथलं तापमान लिहून ठेवा."

ला रायाला आम्ही बाटली उघडून पाच मिनिटे धरली, तापमान ९ अंश होते ते लिहून घेतले आणि झाकण घट्ट लावले. समोर बर्फाची शिखरे होती. जगातल्या उष्ण कटिबंधातील हिमनद्यांपैकी जवळजवळ ७० टक्के एकट्या पेरूत आहेत आणि गेल्या साठ वर्षांत त्यांचे निम्म्याहून अधिक क्षेत्र नाहीसे झाले आहे. शेजारच्या बोलिव्हियातली चाकालताया हिमनदी तर २००९ साली पूर्ण संपली. कोरड्या महिन्यांत खालच्या गावांना मिळणाऱ्या पाण्यात या बर्फाचा मोठा वाटा असतो. आमचा गाडीवान एका उघड्या कातळाकडे बोट दाखवून म्हणाला, की त्याच्या लहानपणी तिथवर बर्फ असे.

पाच दिवसांनी लिमाला पोचलो तेव्हा बाटली पोटात बुक्की मारल्यासारखी चेपली होती. बाईंनी तिला न्हाणीघरातल्या पाण्याच्या बादलीत पालथी बुडवून, पाण्याखालीच झाकण उघडले. पाणी भसकन आत शिरले आणि बाटली पुन्हा गोल झाली. आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीला आणून त्यांनी झाकण लावले, बाटली बाहेर काढली आणि पाणी मोजले.

बाटलीत काठोकाठ १,०२० मिलिलिटर मावत होते. आत शिरलेले पाणी ३९० मिलिलिटर भरले. म्हणजे खिंडीतली बाटलीभर हवा लिमात ६३० मिलिलिटरमध्ये मावली. लिमाचे तापमान १९ अंश. केल्व्हिनमध्ये खिंडीत २८२ आणि लिमात २९२.

खिंडीतला दाब = लिमातला दाब × (६३० ÷ १,०२०) × (२८२ ÷ २९२)

लिमातला दाब १,००५ हेक्टोपास्कल धरला तर उत्तर येते सुमारे ६००. खिंडीत आमच्या एकाच्या फोनमधील वायुदाबमापकाने ६०४ दाखवले होते. एक बाटली, एक बादली आणि तापमापक एवढ्यावर चारांचाच फरक! खिंड न पाहताही तिच्यातली हवा बाईंनी मोजली होती.

वर्गासाठी

हा प्रयोग आपल्याकडे सहज करता येतो. कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) माथ्यावर बंद केलेली बाटली मुंबईला उघडली तर लिटरमागे सुमारे १७०-१८० मिलिलिटर पाणी आत शिरावे, महाबळेश्वरहून आणलेल्या बाटलीत १४०-१५०. दोन्ही ठिकाणचे तापमान लिहायला विसरू नका. दहा अंशांच्या फरकाने उत्तर साडेतीन टक्क्यांनी बदलते. बाटली बंद करताना उन्हात धरू नका, आणि आत पाण्याचे थेंब राहू देऊ नका. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग मोजायला.

आणि मुलांना घेऊन उंचावर जाणार असाल तर आणखी एक. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे कुस्कोपेक्षाही थोडे उंच, आणि तिथेही विमान थेट नेऊन सोडते. केदारनाथही साडेतीन हजारांच्या वर. तेव्हा पहिले दोन दिवस विश्रांतीचे धरा. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोके दुखत असेल, मळमळत असेल तर वर जायचे नाही. त्रास वाढला तर खाली यायचे, रात्र असली तरी. आणि निघण्यापूर्वीच मुलांना सांगा की त्रास झाला तर लपवायचा नाही, त्याने कोणाचा खोळंबा होत नाही.

हे शेवटचे वाक्य आमचे नाही. परत आल्यावर बाईंनी आपल्या जुन्या शाळेत नववीच्या वर्गाला बाटली दाखवली, गणित फळ्यावर करून घेतले, आणि तास संपताना हे वाक्य सांगितले. आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकत होतो.